विश्लेषण : रक्तपेशी कशा फुटतात हे दाखवणारे ज्यूल बोर्दे कोण होते?

बाळ दीड महिन्याचे झाले की पेंटाव्हॅलंट लस टोचतात. तिचा एक घटक डांग्या खोकल्याविरुद्धचा असतो. या खोकल्याच्या जिवाणूचे नाव ‘बोर्डेटेला’. ते बेल्जियमचे शास्त्रज्ञ ज्यूल बोर्दे यांच्यावरून पडले. त्यांना १९१९चे नोबेल मात्र वेगळ्याच कामासाठी मिळाले. त्या कामाचा धागा आज एका अतिमहागड्या इंजेक्शनपर्यंत पोहोचला आहे.

नेमका शोध काय?

बोर्दे यांचा जन्म १८७०चा. ब्रसेल्समध्ये २२व्या वर्षी डॉक्टर झाले आणि १८९४मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉफ यांच्या हाताखाली दाखल झाले. गंमत अशी, की जंतूंशी खरी लढाई पेशीच करतात, हे मेचनिकॉफ यांचे ठाम मत होते. शिष्याने पुढच्याच वर्षी ताकद दाखवली ती सीरमची, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्यासारख्या भागाची.

कॉलऱ्याची प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्याचे सीरम कॉलऱ्याचे जंतू मारते. ५५ अंश सेल्सिअसला तापवले की ते निकामी होते. पण त्यात साध्या, प्रतिकारशक्ती नसलेल्या प्राण्याचे थोडे ताजे सीरम घातले, की पुन्हा काम सुरू! म्हणजे बँकेच्या लॉकरसारखा प्रकार, किल्ल्या दोन लागतात. एक अँटिबॉडी, ती ठरावीक जंतूपुरती आणि उष्णता सोसणारी. दुसरी सर्वांच्या रक्तात असते, पण उष्णतेने बिघडते. बोर्दे तिला ‘अलेक्झिन’ म्हणत. टिकले ते पॉल एर्लिख यांनी दिलेले ‘कॉम्प्लिमेंट’ हे नाव. हा एकच पदार्थ नसून ३०हून अधिक प्रथिनांची साखळी आहे, हे नंतर कळले.

१८९८मध्ये त्यांनी गिनीपिगला सशाचे रक्त टोचले. त्या गिनीपिगच्या सीरमने सशाच्या लाल पेशी फोडल्या. म्हणजे हे हत्यार फक्त जंतूंवरच चालत नव्हते.

पुढे १९०१पासून ते ब्रसेल्सच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे प्रमुख होते. सिफिलिसची वासरमान चाचणी त्यांच्याच पद्धतीवर उभी राहिली, नाव मात्र दुसऱ्याचे लागले. १९०६मध्ये त्यांनी झांगू यांच्यासह डांग्या खोकल्याचा जिवाणू वेगळा केला. १९६१मध्ये, वयाच्या ९०व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आजच्या औषधाशी संबंध काय?

‘पीएनएच’ या दुर्मीळ आजारात लाल पेशींवरचे संरक्षक प्रथिन नसते. त्यामुळे स्वतःचेच कॉम्प्लिमेंट त्या फोडते आणि लघवी गडद होते. साखळीतील ‘सी५’ हे प्रथिन अडवणाऱ्या एक्युलिझुमॅब या अँटिबॉडीला २००७मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

ही अँटिबॉडी मुळात उंदराची. जशीच्या तशी दिली तर आपले शरीर तिच्यावरच उलटते, गिनीपिग सशाच्या रक्तावर उलटले तसेच. म्हणून सी५ला पकडणारी टोके तेवढी उंदराची ठेवून बाकी सांगाडा मानवी केला. यालाच ‘ह्युमनाइज्ड’ अँटिबॉडी म्हणतात.

मात्र सी५ अडवले की काही जंतूंना मारणारे हत्यारही बंद पडते. मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंगोकॉकसचा धोका सर्वांत मोठा. त्यामुळे या रुग्णांना औषध सुरू करण्याआधी, शक्यतो दोन आठवडे तरी, त्याची लस घ्यावी लागते.