कुमारी एमिली हॉबहाऊस

आपल्या देशावर खरें प्रेम करणाऱ्यानें देशाच्या हातून घडलेला अन्याय झांकावा, कीं उघड करावा ? ह्या प्रश्नाचें उत्तर ज्यांनीं आपल्या आचरणानें दिलें, अशा एका बाईंचें हें अल्पचरित्र आहे.

एमिलीबाईंचा जन्म इ. स. १८६० मध्यें इंग्लंडांतील कॉर्नवॉल परगण्यांत झाला. वडील खेड्यांतील मंडळीचे पाळक होते. आईच्या मागें वडिलांच्या सेवेंतच बाईंचें तारुण्य गेलें. १८९५ सालीं ते निवर्तले, तेव्हां त्या पस्तिशीच्या होत्या.

१८९९ सालीं दक्षिण आफ्रिकेंत इंग्रज व बोअर लोक ह्यांचें युद्ध जुंपलें. बोअर सैनिकांना आश्रय मिळूं नये म्हणून इंग्रज सैन्यानें त्यांचीं शेतघरें जाळलीं आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडलें. हें ऐकून बाईंनीं मदतफंड उभारला व १९०० च्या डिसेंबरांत त्या केपटाऊन येथें पोहोंचल्या. पुढील महिन्यांत त्यांनीं ब्लूमफाँटेनची छावणी पाहिली. तंबूंत दाटी, अन्न अपुरें, पाणी दूषित, आणि तापानें फणफणलेलीं मुलें जमिनीवर निजलेलीं ! त्यांनीं साबण मागितला, तों ती चैनीची वस्तु आहे असें उत्तर मिळालें. तरी पिच्छा पुरवून त्यांनीं तो मिळविलाच.

१९०१ च्या जूनमध्यें त्यांचा अहवाल विलायतेंत प्रसिद्ध झाला. स्वदेशाची बदनामी केली म्हणून त्यांच्यावर चोहोंकडून टीकेचा भडिमार झाला. परंतु सरकारला मिलिसेंट फॉसेट ह्यांच्या अध्यक्षतेखालीं स्त्रियांचें चौकशीमंडळ पाठवावें लागलें, आणि त्या मंडळालाहि बाईंचें म्हणणें बहुतांशीं खरें आढळलें. ऑक्टोबरांत बाई पुन्हां केपटाऊनला गेल्या, तेव्हां त्यांना किनाऱ्यावर उतरूं न देतां बळजबरीनें परत धाडण्यांत आलें. पुढें छावण्यांची व्यवस्था सुधारली. पण तोंपर्यंत फार उशीर झाला होता. एकंदर २६,००० हून अधिक बोअर स्त्रिया व मुलें मृत्युमुखीं पडलीं. निराळ्या छावण्यांत हजारों आफ्रिकन लोक मेले, त्यांची तर नीट गणतीहि कोणीं ठेविली नाहीं.

युद्धानंतर बाईंनीं बोअर मुलींसाठीं सूतकताई व विणकाम ह्यांच्या शाळा काढल्या. १९१३ सालीं ब्लूमफाँटेन येथें मृत स्त्रियांचें स्मारक उभारलें गेलें. बाई आजारी असल्यामुळें त्यांचें भाषण दुसऱ्यानें वाचलें. स्वतः मिळविलेलें स्वातंत्र्य इतरांना नाकारूं नका, असा इशारा त्यांनीं त्या वेळीं बोअर लोकांनाच दिला. १९१४ सालीं तेथील हिंदी लोकांच्या मागण्यांकरितां गांधीजींच्या बाजूनें त्यांनीं जनरल स्मट्स ह्यांच्याकडे रदबदली केली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनींतील लाइपझिग शहराच्या भुकेल्या मुलांना अन्न पुरविण्यासाठीं त्या झटल्या. १९२६ सालीं लंडन येथें त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा त्याच स्मारकाच्या पायथ्याशीं ठेवली आहे.

विद्यार्थ्यांनो, शत्रूचे दोष सांगण्यास फारसें धैर्य लागत नाहीं. आपल्या वर्गाची, आपल्या संघाची चूक आपणच बोलून दाखविणें कठीण असतें. तसा प्रसंग आल्यास ह्या बाईंची आठवण करा. आणि घरीं मूल असें खरें बोलल्यास, पालकांनो, त्याला घरभेद्या म्हणूं नका.