डोंगरावरची अंधारखोली

मुलांनो, सहलीला गेल्यावर तुम्ही फोटो काढता ना? डोंगर दिसला, धबधबा दिसला की बटण दाबायचे, झाला फोटो! नीट आला नाही तर पुन्हा काढायचा. पण एक काळ असा होता, की डोंगराचा एकच फोटो काढण्यासाठी तंबू, काचा, बाटल्या आणि पाण्याची भांडी डोंगरावर वाहून न्यावी लागत. त्या काळी हे कष्टाचे काम आनंदाने करणाऱ्या एका माणसाची ओळख आज आपण करून घेऊ या. त्यांचे नाव हेर्मान क्रोने.

क्रोने यांचा जन्म १४ सप्टेंबर १८२७ रोजी ब्रेस्लाऊ या शहरात झाला. आज हे शहर पोलंड देशात आहे. त्यांचे वडील शिळाछापाचे काम करीत. शिळाछाप म्हणजे दगडावर मजकूर किंवा चित्र उतरवून त्यावरून कागदावर छाप घेणे. हे काम तुम्हांला अगदीच परके नाही. उर्दूतील जुनी पुस्तके आणि वर्तमानपत्रे कितीतरी वर्षे याच पद्धतीने छापली जात. कातिब सुंदर अक्षरांत मजकूर लिहीत आणि तो दगडावर उतरवला जाई. एका चित्राच्या अनेक प्रती कशा निघतात, हे क्रोने यांनी असे लहानपणीच घरात पाहिले.

१८३९ साली फोटोग्राफीचा शोध जगासमोर आला. तेव्हा क्रोने अकरा-बारा वर्षांचे होते, म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढेच. त्यांना विज्ञानाची आवड होती. आकाशातील तारे पाहण्याची तर विशेष गोडी होती. चित्रकलाही त्यांना तितकीच प्रिय होती. ती शिकण्यासाठी ते जर्मनीतील ड्रेस्डेन या शहरात आले. विज्ञान आणि चित्रकला या दोन्ही आवडी फोटोग्राफीत एकत्र आल्या. १८५२ साली त्यांनी ड्रेस्डेनमध्ये स्वतःचा फोटो स्टुडिओ सुरू केला.

स्टुडिओत लोक आपले फोटो काढून घ्यायला येत. त्यावर पोटापाण्याची सोय होत असे. पण क्रोने यांचे मन चार भिंतींत रमेना. त्यांना डोंगर बोलावत होते.

ड्रेस्डेनच्या आग्नेयेस एल्ब नदीच्या दोन्ही काठांवर एक डोंगराळ प्रदेश आहे. त्याला सॅक्सन स्वित्झर्लंड म्हणतात. नाव ऐकून तो स्वित्झर्लंड देशाचा भाग असावा असे वाटते. तसे मात्र नाही. अठराव्या शतकात ड्रेस्डेनला आलेल्या दोन स्विस चित्रकारांना हे डोंगर पाहून आपल्या मायदेशाची आठवण झाली, आणि त्यावरून हे नाव पडले असे सांगतात.

आपल्या सह्याद्रीचा काळा, टणक खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला आहे. सॅक्सन स्वित्झर्लंडचे डोंगर मात्र वाळूच्या दगडाचे आहेत. या दगडाला वालुकाश्म म्हणतात. दिल्लीचा लाल किल्ला वालुकाश्माचाच आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी या भागात समुद्र होता. त्याच्या तळाशी वाळूचे थरांवर थर साचले आणि दबून त्यांचा दगड झाला. पुढे समुद्र हटला. मग नदीने, पावसाने आणि थंडीने हा दगड कापत नेला. त्यातून उंच सुळके, खोल दऱ्या आणि सरळ उभे कडे तयार झाले. बास्टाय नावाचा एक कडा तर एल्ब नदीपासून सुमारे १९४ मीटर उंच आहे. तेथील सुळक्यांना जोडणारा सात कमानींचा दगडी पूल १८५१ साली बांधण्यात आला.

१८५३ साली क्रोने आपला कॅमेरा घेऊन या बास्टायवर आले. आता कल्पना करा, की तुम्ही त्यांच्याबरोबर आहात. ते काय काय करतात, ते नीट पाहा.

प्रथम ते जागा निवडतात. ऊन कोठून येते, सावली कोठे पडते, हे पाहतात. मग तंबू उभारतात. या तंबूत उजेड शिरता कामा नये. हीच त्यांची अंधारखोली! आत ते काच स्वच्छ पुसतात आणि तिच्यावर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओततात. काच हळूहळू तिरकी करून तो सगळीकडे सारखा पसरवतात. नंतर ती काच चांदीच्या क्षारात बुडवतात. आता तिच्यावर उजेडाचा परिणाम होऊ शकतो. ही ओली काच एका बंद चौकटीत घालून ते घाईने कॅमेऱ्याकडे येतात. भिंगावरचे झाकण काढतात, काही सेकंद थांबतात आणि झाकण पुन्हा लावतात. लगेच पुन्हा तंबूत धाव! काच वाळली की सगळे संपले. म्हणून हे सारे काम अवघ्या दहा-पंधरा मिनिटांत आटोपावे लागे.

यात किती अडचणी होत्या, पाहा. वारा सुटला तर झाडांची पाने हलत आणि फोटोत नुसता धूसर डाग दिसे. वाहते पाणी धुरासारखे दिसे. उन्हाळ्यात तंबू तापे, काच लवकर वाळे आणि ईथरच्या वासाने डोके जड होई. बोटांवर चांदीच्या क्षाराचे काळे डाग पडत. धूळ बसली तर काच वाया जाई. एवढे करून फोटो चांगला आला, तरी ती काच डोंगर उतरून सुखरूप घरी न्यावी लागे. ठेच लागून काच फुटली, तर दिवसभराची मेहनत मातीमोल होई.

खडक मात्र जागचा हलत नाही. ऊन-सावलीत त्याचे थर, त्याच्या भेगा स्पष्ट दिसतात. त्यामुळे वाळूच्या दगडाचे हे डोंगर त्या फोटोग्राफीला फार सोयीचे ठरले. काचेवरच्या एका फोटोवरून कागदावर हव्या तेवढ्या प्रती काढता येत. या कागदाला अंड्यातील पांढरा बलक लावलेला असे. जे लोक कधी बास्टायला गेले नव्हते, त्यांनाही आता हे कडे आणि तो पूल घरबसल्या पाहता येऊ लागले. क्रोने यांनी येथे घेतलेले फोटो जर्मनीतील पहिले निसर्गफोटो मानले जातात. त्यांच्या नावाची दगडी पाटी बास्टायवर आहे.

डोंगरावर अंगी आलेली शिस्त क्रोने यांना पुढे फार दूर उपयोगी पडली. ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र ग्रह सूर्यासमोरून जाणार होता. पृथ्वीवरील वेगवेगळ्या ठिकाणांहून हे पाहिले, तर सूर्य किती दूर आहे याचा हिशेब करता येतो. म्हणून जर्मनीने न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील ऑकलंड बेटांवर एक तुकडी पाठवली. तिच्यात फोटो काढण्यासाठी क्रोने यांची निवड झाली. त्यांचा मुलगाही बरोबर होता. ही बेटे थंड, वाऱ्याची आणि पावसाची. शुक्र काही तासच सूर्यावर दिसणार होता. संधी हुकली असती तर आठ वर्षे थांबावे लागले असते. एवढ्या दूर जाऊन त्यांनी ही कामगिरी पार पाडली. लहानपणची ताऱ्यांची आवड अशी कामी आली.

मुलांनो, क्रोने यांचा आणखी एक मोठा गुण ध्यानात ठेवा. पुष्कळ कारागीर आपली विद्या लपवून ठेवतात. दुसऱ्याला कळली तर आपला धंदा बुडेल, अशी त्यांना भीती वाटते. क्रोने यांनी उलट केले. १८७० पासून ते ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यालयात फोटोग्राफी शिकवू लागले. शिकवता शिकवता स्वतःही शिकत राहिले. रंगीत फोटो काढण्याची एक अवघड पद्धत १८९१ मध्ये निघाली. तेव्हा त्यांची साठी उलटली होती. तरीही त्यांनी ती पद्धत आत्मसात केली. फोटोग्राफीच्या साऱ्या पद्धतींचे नमुने त्यांनी जपून ठेवले आणि सुमारे १४० मोठ्या फलकांवर ओळीने मांडले. १९०७ साली त्यांनी हा खजिना विद्यार्थ्यांसाठी त्याच संस्थेला दिला. आपले काम पाहून पुढच्या मुलांनी शिकावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

सप्टेंबर १९१६ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी क्रोने यांचे निधन झाले. पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, ड्रेस्डेनवर बाँबहल्ले झाले. जुने शहर जळून खाक झाले. पण क्रोने यांचा संग्रह वाचला. युद्धापूर्वीचे ड्रेस्डेन कसे होते, हे त्यांच्या फोटोंतून आजही पाहता येते. ज्या काचा ठेच लागताच फुटल्या असत्या, त्यांच्यावर उमटलेली चित्रे दगडी इमारतींपेक्षा जास्त टिकली!

पुढच्या सहलीत तुम्ही फोटो काढाल, तेव्हा बटण दाबण्याआधी क्षणभर थांबा. ऊन कोठून येते, सावली कोठे पडते, ते पाहा. फोटो चांगला आला, तर तो कसा काढला हे आपल्या मित्रालाही सांगा.

शब्दार्थ
कातिब – सुंदर हस्ताक्षरात मजकूर लिहिणारा
सुळका – उंच, टोकदार खडक
मातीमोल होणे – वाया जाणे
आत्मसात करणे – पूर्णपणे शिकून घेणे

स्वाध्याय
१. सॅक्सन स्वित्झर्लंड हे नाव कसे पडले?
२. ओल्या काचेवर फोटो काढताना घाई का करावी लागे?
३. क्रोने यांनी आपला संग्रह कोणाला व का दिला?
४. तुम्हांला येणारी एखादी कला तुम्ही मित्राला कशी शिकवाल? पाच वाक्ये लिहा.