जेरी गार्सिया आणि रात्री साठवणारे लोक

जगाच्या अनेक देशांत एक लोककथा थोड्याफार फरकाने सांगितली जाते. एक वाटसरू परगावातून जात असतो. वाटेत त्याला एक प्रेत बेवारशासारखे पडलेले दिसते. मेलेल्या माणसाने कर्ज फेडले नाही म्हणून सावकार त्याला मूठमाती देऊ देत नसतात. वाटसरू आपल्याजवळची सारी पुंजी देऊन ते कर्ज फेडतो, दफन करवतो आणि पुढे चालू लागतो. पुढे तो संकटात सापडतो तेव्हा एक अनोळखी सोबती त्याच्या मदतीला धावून येतो. हा सोबती म्हणजे त्या मृताचाच आत्मा. अभ्यासकांनी या कथाप्रकाराला 'कृतज्ञ मृत' असे नाव दिले आहे.

लोकसाहित्याच्या अभ्यासात ही कथा आमच्या वाट्याला आली. तिचे इंग्रजी नाव शोधता शोधता मला एक अमेरिकन वाद्यवृंद सापडला आणि कथा बाजूलाच राहिली! १९६५ साली कॅलिफोर्नियातील पाच तरुण वादक आपल्या वृंदासाठी नवे नाव शोधत होते. एका जाडजूड कोशात नेमके हे दोन शब्द त्यांच्यापैकी एकाच्या नजरेस पडले, आणि 'ग्रेटफुल डेड' हे नाव ठरले. कोश चाळणारा तो तरुण म्हणजे जेरी गार्सिया.

जेरोम जॉन गार्सियाचा जन्म १ ऑगस्ट १९४२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. वडील स्पेनमधून आलेले, पेशाने वादक. संगीतकार जेरोम कर्न याच्या नावावरून त्यांनी मुलाचे नाव ठेवले. आई परिचारिका होती. १९४७ हे वर्ष या घराला फार वाईट गेले. सांताक्रूझच्या डोंगराळ भागात थोरला भाऊ लाकडे फोडत होता आणि चार वर्षांचा जेरी ती धरून देत होता. कुऱ्हाडीचा घाव बोटावर बसला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा बराचसा भाग गेला. त्याच वर्षी मासे धरायला गेलेले वडील नदीत बुडून मरण पावले. आईने गुत्ता चालवून संसार ओढला आणि मुले आजी-आजोबांकडे वाढली. आजी धुलाई कामगारांच्या संघटनेचे काम करीत असे.

पंधराव्या वाढदिवसाला आईने त्याला अकॉर्डियन दिले. गार्सियाला ते नको होते. त्याने हट्ट करून ते गहाणवटीच्या दुकानात बदलून घेतले आणि गिटार घरी आणली. शिकवायला कोणी नव्हते. तुटक्या बोटाने तारा छेडण्याची रीत त्याने स्वतःच बसवली. शाळेत लक्ष नव्हते. १९६० साली सैन्यात भरती झाला आणि वर्ष संपण्याच्या आत तेथून बाहेरही पडला. १९६१ च्या फेब्रुवारीत मित्रांसोबत मोटारीने जाताना भीषण अपघात झाला. गार्सिया गाडीबाहेर फेकला गेला आणि वाचला. बरोबरचा एक मित्र जागीच गेला. आपले खरे आयुष्य त्या रात्रीपासून सुरू झाले असे तो पुढे सांगत असे. त्यानंतर तो बँजो हातात घेऊन तासन्‌तास बसू लागला. पालो आल्टो येथील वाद्यांच्या दुकानात शिकवण्या करून पोट भरू लागला. त्याच सुमारास रॉबर्ट हंटर हा कवी त्याला भेटला. पुढे गार्सियाच्या बहुतेक गाण्यांचे शब्द हंटरचे आहेत.

१९६५ साली जमलेल्या वृंदात गार्सियाबरोबर बॉब वीअर, रॉन मॅकर्नन, बिल क्रॉइट्झमन आणि फिल लेश होते. गंमत अशी, की लेशने बास गिटार पूर्वी कधी वाजवलीच नव्हती. गार्सियाने त्याला बोलावले आणि तो वाजवता वाजवता शिकला. प्रारंभीच्या काळात केन केसी या लेखकाच्या मेळाव्यांत हे लोक वाजवीत. तेथे एलएसडी हे मादक द्रव्य उघडपणे घेतले जाई. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर १९६६ पर्यंत त्याला कायद्याने बंदी नव्हती. महाविद्यालयाच्या अंकात हे लिहावे की नाही, असा प्रश्न मला पडला होता. पण ते गाळले तर गार्सियाचे आयुष्य कळणार नाही, आणि त्याचा शेवट तर मुळीच कळणार नाही.

या वृंदाच्या तबकड्या निघाल्या. १९७० साली निघालेल्या दोन तर फारच सुरेख आहेत. तरी त्यांची कीर्ती तबकड्यांवर उभी नव्हती. 'डार्क स्टार' नावाचे त्यांचे गाणे १९६८ च्या तबकडीवर तीन मिनिटांच्या आत संपते. तेच १९६९ च्या फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात वाजवले तेव्हा तेवीस मिनिटे चालले. आज काय वाजवायचे हे बहुधा आधी ठरलेले नसे. एका गाण्यातून दुसऱ्यात केव्हा जायचे हे वाजवतानाच एकमेकांकडे पाहून ठरे. त्यामुळे काल ऐकलेली मैफल आज पुन्हा ऐकायला मिळत नसे. काही रात्री वाजवणे साफ फसे, सूर हरवत, शब्द विसरत; तरी लोक दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी हजर! ज्यांनी एकच अभंग निरनिराळ्या रात्री निरनिराळ्या बुवांकडून ऐकला आहे त्यांना हे वेड समजावून सांगावे लागणार नाही.

तीस वर्षांत त्यांच्या सुमारे २३०० मैफली झाल्या. 'डेडहेड' म्हणून ओळखले जाणारे चाहते त्यांच्या मागोमाग गावोगाव हिंडत. मैफलीच्या मैदानाबाहेर गाड्या लावायच्या, तेथेच खाद्यपदार्थ आणि रंगवलेले कपडे विकायचे आणि त्या पैशातून पुढचे तिकीट काढायचे, असा त्यांचा क्रम. १९८३ पासून टपालाने तिकिटे मागवण्याची सोय झाली, तेव्हा हे लोक अर्जाची पाकिटे चित्रांनी मढवून पाठवू लागले. कर्णबधिर रसिकांसाठी वेगळी जागा असे. हातात फुगे धरून ते स्वरांची कंपने अनुभवीत. याला वारी म्हणण्याचा मोह मला झाला होता. पण वारीच्या शेवटी देव असतो, आणि गार्सियाला कोणी देव मानलेले मुळीच खपत नसे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. इतर वाद्यवृंद मैफलीत चोरून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना हाकलून देत. यांनी तसे केले नाही. वाजवून झाल्यावर ते संगीत आमचे राहिले नाही, ज्यांना हवे त्यांनी न्यावे, अशी गार्सियाची भूमिका होती. चाहते उंच काठ्यांना माइक बांधून उभे राहत. पुढे या काठ्यांचे इतके रान माजले, की ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला रंगमंच दिसेना. तेव्हा ऑक्टोबर १९८४ पासून मुद्रण करणाऱ्यांना त्याच्या पाठीमागे स्वतंत्र जागा नेमून देण्यात आली. अट एकच : विकायचे नाही. मग ज्याला एखादी रात्र हवी असेल त्याने कोरी कॅसेट आणि परतीचे टपाल हशील पाठवायचे. ज्याच्याजवळ ती रात्र असेल त्याने उतरवून धाडायची. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल. प्रत्येक वेळी खरखर वाढे आणि सूर लांब जाई, तरी लोक कान लावून ऐकत. कोणाला एक पैशाचा नफा नाही.

हे वाचले तेव्हा मला माझ्या आजोबांची आठवण झाली; आठवण म्हणजे इतरांनी सांगितलेली, कारण ते माझ्या जन्माआधीच गेले. आमच्या पंचक्रोशीत ते भारूड करीत. त्यांना ऐकायला लोक बैलगाड्या जुंपून येत, असे म्हातारी माणसे अजून सांगतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा घरात लिहिणारे कोणी नव्हते, म्हणून शब्दही उतरून घेतले गेले नाहीत. टेपरेकॉर्डरची तर बातच नको. वडिलांना दोन-चार ओळी येतात, चाल त्यांनाही नीट आठवत नाही. आजोबा फार छान गात एवढेच सर्वांना ठाऊक आहे. कसे गात, हे आता कोणालाही सांगता येत नाही. सातासमुद्रापलीकडच्या एका गिटारवाल्याच्या दोन हजारांवर रात्रींतून हवी ती रात्र मी मोबाइलवर ऐकू शकतो. मला हेवा वाटला, हे लपवून काय उपयोग?

यांतली सर्वांत गाजलेली रात्र ८ मे १९७७ ची, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमधली. ती बेटी कॅन्टर-जॅक्सन या वृंदाच्याच ध्वनितंत्रज्ञ बाईंनी उतरवली होती. पुढे कोठीचे भाडे थकल्याने त्यांच्या फितींचा १९८६ साली लिलाव झाला. सुदैवाने बऱ्याच फिती चाहत्यांच्या हाती पडल्या, त्यांनी त्या निगुतीने दुरुस्त केल्या आणि त्या घरोघर पोचल्या. अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने २०११ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत ही मैफल समाविष्ट केली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती लांबण वाटली. तिसऱ्या खेपेस गार्सियाची गिटार ऐकू येऊ लागली. तो घाईने कोठे पोचत नाही. एकेक स्वर असा ठेवतो, की पुढचा कोणता येईल याची वाट आपणच पाहू लागतो.

वृंदाच्या इतर हौशीही थोर होत्या. १९७४ साली त्यांनी सुमारे ६०० ध्वनिक्षेपकांची एक भिंतच उभारली. तिचे वजन ७५ टनांच्या घरात. वादकांना आणि शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याला एकच स्वच्छ आवाज ऐकू यावा, हा हेतू. ती मिरवण्याच्या खर्चाने कंबरडे मोडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मैफलींना विराम द्यावा लागला. १९७८ च्या सप्टेंबरात ते इजिप्तला पिरॅमिडच्या पायथ्याशी जाऊन वाजवून आले. आपल्या देशाशीही त्यांचे नाते होते. वृंदातला दुसरा तालवादक मिकी हार्ट उस्ताद अल्लारखाँच्या तबल्याने भारावून गेला होता. उस्तादांचे चिरंजीव, मुंबईचे झाकीर हुसेन, यांच्यासह त्याने १९७६ साली 'डिगा' ही तबकडी काढली, आणि तीत गार्सियाची गिटारही आहे.

पण याच काळात हेरॉइनने गार्सियाला धरले. जोडीला मधुमेह, धूम्रपान, वाढलेले शरीर. जुलै १९८६ मध्ये तो कित्येक दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला तेव्हा वाजवणे हरवले होते. मर्ल सॉन्डर्स या वादक मित्राने शेजारी बसून त्याला पुन्हा एकेक सूर लावायला मदत केली. डिसेंबरात तो ओकलंडच्या रंगमंचावर परतला. पुढल्या वर्षी 'टच ऑफ ग्रे' हे गाणे लोकप्रियतेच्या यादीत नवव्या क्रमांकावर गेले. बावीस वर्षांत असे पहिल्यांदाच घडले!

हे यशच जड गेले. तिकीट नसलेले हजारो लोक नुसते मैदानाबाहेर गर्दी करू लागले. वृंदाच्या कचेरीवर कितीतरी कुटुंबे पोसली जात होती, ती मैफलींवरच. गार्सियाला विश्रांती हवी होती, पण थांबायचे कसे? चाहत्यांतच व्यसन सोडलेल्यांचा एक गट होता. मध्यंतरात ते पिवळे फुगे लावून एकत्र जमत आणि एकमेकांना धीर देत. रंगमंचावरच्या माणसाला मात्र तो धीर मिळाला नाही. चाहत्यांनी त्याच्या दोन हजार रात्री जपल्या. त्याला जपण्यासाठी एखादी रात्र सोडून द्यावी, असे त्यांच्यापैकी थोड्यांनाच वाटले असावे. त्यांच्यावर माझा राग आहे असे नाही. पण शेवटच्या वर्षांतली ध्वनिमुद्रणे ऐकताना, शब्द विसरणारा तो थकलेला आवाज आणि त्यावर होणारा प्रचंड जयघोष, या दोहोंचा मेळ मला घालता येत नाही.

२ जुलै १९९५ रोजी इंडियाना राज्यात तिकीट नसलेल्या जमावाने कुंपण मोडले आणि दुसऱ्या दिवशीची मैफल रद्द झाली. ९ जुलैला शिकागोच्या सोल्जर फील्डवर गार्सिया शेवटचा वाजवला. बरोबर एक महिन्याने, ९ ऑगस्ट १९९५ रोजी पहाटे, व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेल्या केंद्रातच हृदयविकाराने त्याचे निधन झाले. वय त्रेपन्न. चार दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट उद्यानात हजारो लोक जमले आणि दिवसभर त्याच्या ध्वनिफिती ऐकत राहिले.

वृंदाने ते नाव पुढे वापरायचे नाही असे ठरवले. कागदपत्रे आणि चाहत्यांची ती रंगवलेली पाकिटे २००८ साली सांताक्रूझच्या विद्यापीठाकडे सोपवण्यात आली. गार्सियाच्या रक्षेचा काही भाग घेऊन त्याची पत्नी आणि बॉब वीअर भारतात आले. ४ एप्रिल १९९६ रोजी पहाटे, चंद्रग्रहण चालू असताना, त्यांनी तो ऋषिकेश येथे गंगेत सोडला. ही कल्पना वीअरला अर्धवट झोपेत सुचली होती. बातमी मागाहून फुटली तेव्हा अनेक चाहते चिडले, कारण गार्सिया भारतात कधीच आला नव्हता. उरलेली रक्षा त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात, गोल्डन गेट पुलाजवळ, पाण्यात सोडली गेली.