महाडचे जखमी आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

उष्ण झऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सव गावापासून महाड जवळच आहे. तेथील चवदार तळ्याचा सत्याग्रह सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी मार खाल्लेल्यांची आठवण मात्र क्वचितच काढली जाते.

डॉ. भीमराव आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. उच्च शिक्षण घेऊन १९२३ साली ते बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी सहकाऱ्यांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर वीरेश्वर मंदिरात प्रवेश होणार अशी अफवा पसरली आणि मंडपात जेवत असलेल्या प्रतिनिधींवर जमाव लाठ्या घेऊन तुटून पडला. सुमारे २० जण गंभीर जखमी झाले. त्यांशिवाय काही स्त्रियाही होत्या. गावी परतणाऱ्यांनाही वाटेत मारहाण झाली. अनेकांना मुसलमान शेजाऱ्यांनी घरात आश्रय दिला.

बंगल्यावर संतप्त तरुण बाबासाहेबांच्या केवळ एका शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी प्रतिहल्ल्यास नकार दिला. हा संयम सोपा नव्हता. बंगला सोडावा लागल्यावर ते पोलीस ठाण्यातील दोन खोल्यांत राहिले आणि २२ मार्चपर्यंत घटनेची चौकशी करीत राहिले. जूनमध्ये पाच हल्लेखोरांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. मार खाणाऱ्या दलितांच्या बाजूने कायदा उभा राहणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

तळ्याच्या हक्काचा निकाल उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे बाबासाहेबांचे निधन झाले.