लक्ष्मीबाई टिळक : स्वयंपाकघरात शिकलेला धर्म



आम्हांला भेटायला येणाऱ्या अनेक माता एकच अडचण सांगतात. पहाटे उठून पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, मुलांचे डबे करायचे, मग कापूस वेचायला किंवा हळदीच्या कामाला जायचे आणि संध्याकाळी पुन्हा चूल पेटवायची. अशात प्रार्थनेला आणि बायबलवाचनाला वेळ कुठून आणायचा? अडचण खरी आहे. पण तिच्यात एक समजूत दडलेली असते, की देव भेटतो तो काम बाजूला ठेवल्यावर. लक्ष्मीबाई टिळकांचे जीवन पाहिले म्हणजे ही समजूत टिकत नाही. लक्ष्मीबाई आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेतल्या नव्हत्या. त्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतल्या. तरी त्यांना आम्ही आपल्याच मानतो, आणि ही जीवनकथा वाचल्यावर आपणही मानाल अशी आशा आहे.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा सगळे पाण्यात, असा तो संसार. लहानग्या मनूला यातून रोज एकच धडा मिळत होता, की दुसऱ्या माणसाच्या हाताने आपण बाटतो. रोजच्या जीवनातून श्रद्धेचे धडे मिळतात असे आपण नेहमी म्हणतो, पण इथे जरा थांबावेसे वाटते. रोजचे जीवन चुकीचे धडेही शिकवते, आणि तेही तितकेच पक्के बसतात. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आमच्या चांगला लक्षात राहिला, की माणसाचे ज्ञान इंद्रियांच्या अनुभवापासून सुरू होते. सुरू होते हे खरे, पण अनुभवाला प्रश्न विचारावा लागतो. लक्ष्मीबाईंनी तो विचारला, मात्र त्याला पुष्कळ वर्षे लागली.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. नवरा प्रतिभावान कवी, मनाने अतिशय उदार आणि स्वभावाने तितकाच तापट. एका जागी स्वस्थ बसणे त्यांना जमत नसे. नोकरी सुटे, गाव बदले, कधी कोणाला न सांगता ते घरातून निघून जात. घरखर्चाचे पैसे भलत्याच गोष्टीवर संपवून येणे हे तर नेहमीचेच. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. वाचायला त्या लग्नानंतर नवऱ्याकडून शिकल्या आणि जोडाक्षरांशी त्यांचे भांडण पुढेही चालूच राहिले. पहिली काही मुले लहानपणीच गेली. १८९१ साली झालेला देवदत्त, म्हणजे दत्तू, तेवढा जगला.

टिळक एकदा रेल्वेने राजनांदगावला जात असताना डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे बोलणे झाले. त्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ब्राह्मण घरात ही बातमी म्हणजे माणूस मेल्यासारखीच. नवरा जिवंत आहे पण आपला राहिला नाही, अशा अवस्थेत सत्तावीस वर्षांच्या लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाला पंढरपूरला राहिल्या. टिळकांच्या धर्मांतराची कथा सांगताना आपण ख्रिस्ती लोक पुष्कळदा या बाईचे दुःख ओलांडून पुढे जातो. तसे करू नये. एकाच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याने मोजली, आणि तिला कोणी विचारलेही नव्हते.

काही वर्षांनी त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण धर्म बदलायचा नाही हे ठरवूनच. नगर जिल्ह्यात टिळक ख्रिस्ती लोकांत काम करीत आणि लक्ष्मीबाई आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवून सोवळ्यात स्वयंपाक करीत. घरात एवढा मोठा विद्वान आणि वक्ता होता, त्याने शेकडो लोकांना ख्रिस्ताविषयी सांगितले, पण स्वतःच्या बायकोला वादाने पटवणे काही त्याला साधले नाही. (प्रवचने करणाऱ्या आम्हा धर्मगुरूंनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.)

जे घडले ते अन्नपाण्याच्या रोजच्या अडचणीतून घडले. याच्या हातचे चालत नाही, त्याच्या घागरीतले चालत नाही, असे दिवस काढता काढता एके दिवशी त्यांच्या मनात सरळ प्रश्न उभा राहिला. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर माणसांच्या शरीरांत काही फरक ठेवला असता. पण सगळे सारखेच जन्मतात, सगळ्यांना सारखीच भूक लागते, आणि मरणही सर्वांना एकच. तेव्हा हे देवाचे काम नव्हे. इतका विचार झाला आणि त्यांनी ठरवून टाकले, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, प्यायचे. वडिलांच्या घरी लहानपणी पक्का बसलेला धडा त्या दिवशी पुसला गेला. बाप्तिस्मा नंतर आला, १९०० साली. म्हणजे आधी आचरण बदलले आणि विश्वासाची कबुली मागाहून दिली.

संत योहानच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी स्त्री आपल्याला ठाऊक आहे. तिलाही आधी आश्चर्य वाटले ते प्रभू आपल्या हातचे पाणी मागतो याचेच. लक्ष्मीबाईंची गोष्ट वाचताना आम्हांला ती स्त्री आठवते. आणि आपला धर्मग्रामही आठवतो. आपण सगळे एकाच वेदीवरून ख्रिस्तशरीर स्वीकारतो. मिस्सानंतर एकमेकांच्या घरी पाणी पितो का? पित असू, तर मुलांची लग्ने ठरवताना कोण मूळचा कोणत्या वस्तीतला हे विचारायचे का थांबत नाही? दोन हजार वर्षे झाली तरी घागरीचा प्रश्न मिटलेला नाही.

बाप्तिस्मा झाला त्याच सुमारास छप्पन्नाचा दुष्काळ पडला होता. आपल्याकडे म्हातारी माणसे १९७२ च्या दुष्काळाचे सांगतात, तर त्यांचे आजे-पणजे छप्पन्नाचे सांगत. आईबाप मेलेली, हाडांचे सापळे झालेली मुले मिशनच्या आश्रयाला येत होती. ज्या बाईने आयुष्यभर कोणाचा हात लागू दिला नव्हता, तिने या मुलांना जवळ घेतले, न्हाऊमाखू घातले, जेवू घातले. पुढे प्लेगच्या साथीत रोग्यांची शुश्रूषाही तिने केली. स्वतःच्या घरी खायला पुरेल याची खात्री नसताना तिच्या घरात परक्यांची लेकरे वाढली.

त्यांच्या घरी राहिलेल्यांत त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा तरुणही होता. शाळेत आपण ज्यांच्या कविता पाठ करतो ते बालकवी ते हेच. टिळकांनी त्यांना घरी आणले आणि लक्ष्मीबाईंनी मुलासारखे सांभाळले. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. १९१८ साली रेल्वेखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते.

पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य थोडेच अध्याय होऊन अपुरे राहिले होते. जिला जोडाक्षरे नीट लिहिता येत नव्हती त्या बाईने ते पुढे नेले आणि त्यातले बहुतेक अध्याय रचले. हे आम्हांला नवलाचे वाटत नाही. दळताना, कांडताना ओव्या रचणाऱ्या बाया आपल्या मराठवाड्याने शेकडो वर्षे पाहिल्या आहेत. आपल्या नर्सीच्या नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई शेजारच्या गंगाखेडची. जात्यापाशी देव बसतो हे या मातीला कोणी बाहेरून येऊन शिकवलेले नाही. टिळकांनाही आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोहोचलो असे वाटे.

वैधव्यात लक्ष्मीबाई मुलाकडे कराचीलाही काही वर्षे राहिल्या. तिथेच नव्हे, जातील तिथे माणसे गोळा करण्याची सवय सुटली नाही. मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी सांगायला सुरुवात केली आणि 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघाले. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत आजही त्याचे नाव पहिल्या ओळीत घेतात. त्यात शिकवण देण्याचा आव नाही. नवऱ्याचा विसराळूपणा, उसनवारी, भांडणे, पाहुणे, आजारपण, हेच सगळे आहे, आणि तेही अशा मिस्कीलपणे, की डोळ्यांत पाणी यायच्या जागी आधी हसू येते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

'स्मृतिचित्रे'ची एक प्रत आमच्याकडे आहे. ज्यांना वाचायची असेल त्यांनी मिस्सानंतर मागून न्यावी. ज्या मातांना वाचणे जमत नाही त्यांना घरातल्या मुलांनी रोज रात्री चार-पाच पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. मात्र प्रत एकच आहे, तेव्हा महिन्याभरात परत आणून द्यावी ही विनंती.