ल्युबेकचे ऑर्गनवादक

उत्तर जर्मनीतील ल्युबेक बंदरी, सेंट मेरी मंदिरात, १६६८ साली डीट्रिख बुक्सटेहूडे ऑर्गनवादक झाले. मंदिराचे हिशेबही त्यांच्याकडेच असत. नाताळापूर्वीच्या ठराविक पाच रविवारी, दुपारच्या उपासनेनंतर, ते तेथे गायनवादनाचे कार्यक्रम करीत. प्रवेश सर्वांस मोफत. खर्च व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर. देणग्या अपुऱ्या पडत, आणि एवढ्या थोर वादकाला पत्रे लिहून हात पसरावे लागत. कोणत्याही मंडळीच्या खजिनदाराला हे निराळे सांगायला नको! तरी त्यांनी तिकीट लावले नाही. १७०५ साली वीस वर्षांचा बाख चार आठवड्यांची रजा काढून आर्नश्टाटहून सुमारे ४०० किलोमीटर पायी त्यांना ऐकण्यास आला. परतला तो १७०६ उजाडल्यावर. ९ मे १७०७ रोजी बुक्सटेहूडे वारले. त्या रविवारांचा क्रम पुढे १८१० पर्यंत चालला.