हातात वल्हं नसलेला विजेता

उजनीच्या पाण्यात होडी दिसली की मला बॉब मॉक आठवतो. १९१४ साली जन्मलेला हा ठेंगणा अमेरिकन शर्यतीच्या नावेचा कॉक्स, म्हणजे सुकाणू धरणारा. वल्हवणारे आठही जण पुढे पाठ करून बसायचे. समोरचं दिसायचं ते एकट्या बॉबला.

ऑलिम्पिकला जाण्यापूर्वी त्यानं वडिलांकडे युरोपातल्या नातेवाइकांचे पत्ते मागितले. उत्तरातून कळलं, आपलं घराणं ज्यू आहे! आणि जायचं होतं हिटलरच्या जर्मनीत. बावीस वर्षांच्या पोराला काय वाटलं असेल?

१४ ऑगस्ट १९३६. ताल देणारा डॉन ह्यूम आजारी, नाव मागे पडलेली. बॉब ओरडत, लाकडी ठोकळे आपटत वेग वाढवत राहिला. इटली ०.६ सेकंदानं हरली, सुवर्णपदक अमेरिकेला. हिटलर बघत होता.

पुढे बॉब वकील झाला. २००५ मध्ये तो गेला.